पोटातल्या जिवाणूंचं रेशन

यंदा भोगीला आईनं भाजी फोडणीला टाकण्याआधी मी ताटातले जिन्नस मोजले. वांगं, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, शेंगदाणे, कांद्याची पात, चाकवत, बोरं, वाटणातले तीळ. शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी. म्हणजे एका जेवणात बारा प्रकारची झाडं-रोपं. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे हे दिवस. गरिबाच्या घरीसुद्धा त्या दिवशी भाजीत सात-आठ जिन्नस पडतात, कारण रान भरलेलं असतं आणि मंडईत वाटे स्वस्त असतात.

मोजायचं कारण असं. अमेरिकेत हजारो लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्याला ३० हून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात, १० किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांच्या तुलनेत, जास्त तऱ्हेतऱ्हेचे जिवाणू आढळले. यावरून विविधता आली म्हणजे तब्येत सुधारलीच, असं सिद्ध होत नाही. पण दिशा कळते. आणि मग भोगीनंतरच्या महिन्याभरात आपल्या शहरातल्या कष्टकरी घरात किती प्रकार शिजतात हा प्रश्न पडतो. विडी वळणाऱ्या बाईच्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाच्या घरात बहुतेक दिवस तांदूळ, गहू, तूरडाळ, कांदा, बटाटा, मिरची, टोमॅटो एवढ्यावरच चूल चालते.

आतड्यातल्या जिवाणूंबद्दल हल्ली खूप लिहिलं, बोललं जातं. ते सगळं एकाच सुरात असतं: तुम्ही हे खा, ते टाळा, सकाळी उठून अमुक प्या. जणू हा फक्त घरातल्या शिस्तीचा प्रश्न आहे. मला हे पटत नाही. सोलापूरसारख्या शहरात लाखो माणसांच्या पोटातल्या जिवाणूंना काय मिळणार, हे रेशन दुकानात, शाळेच्या खिचडीच्या पातेल्यात, अंगणवाडीत आणि औषधाच्या दुकानात ठरतं. म्हणून हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही सार्वजनिक असलं पाहिजे.

आधी पोटात काय घडतं ते पाहू. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात असा २०१६ चा अंदाज आहे; आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. या जिवाणूंचं एकूण वजन मात्र पाव किलोच्याही आत भरतं. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. आपण खाल्लेली साखर, भातातला-पोळीतला बहुतांश स्टार्च, तेल-तूप हे लहान आतड्यातच पचून रक्तात जातं. खाली मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः धान्याच्या कोंड्यातला, डाळींच्या सालातला, भाज्यांच्या देठा-पानांतला तंतुमय भाग. तो तोडायची हत्यारं आपल्या शरीराकडे जवळपास नाहीत. जिवाणूंकडे आहेत. ते तो आंबवतात आणि त्यातून लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. त्यांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के त्यातून मिळते. म्हणजे आपल्याच शरीराचा एक भाग जिवाणूंच्या उष्ट्यावर जगतो.

तंतू मिळाले नाहीत तर हे जिवाणू उपाशी बसत नाहीत. आतड्याच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्म्याचा थर असतो, जुन्या घराच्या भिंतीला मातीचं लिंपण असावं तसा. जिवाणूंना पेशींपासून दूर ठेवणं हे त्याचं काम. २०१६ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की तंतू नसलेला आहार दिला तर काही जिवाणू हा थरच खायला लागतात. थर पातळ होतो आणि मग साध्या रोगजंतूलाही आत शिरायला वाट मिळते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. उंदरांच्या चार पिढ्या कमी तंतूंच्या आहारावर वाढवल्या. दर पिढीगणिक जिवाणूंचे प्रकार घटत गेले. चौथ्या पिढीला पुन्हा भरपूर तंतू दिले तरी गेलेले प्रकार परत आले नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण आजोबांनी भाकरी खाल्ली, बापानं पाव खाल्ला आणि नातू बिस्किटावर वाढतोय अशी घरं आपल्या आजूबाजूला आहेत. तो प्रयोग वाचताना ती डोळ्यांसमोर येतात.

माणसांवरचा पुरावाही आहे. २०१५ मध्ये पिट्सबर्गच्या २० आफ्रिकन-अमेरिकन माणसांनी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यातल्या २० माणसांनी दोन आठवड्यांपुरता आहार बदलून घेतला. अमेरिकनांना मका, शेंगभाज्या, भरपूर तंतू. आफ्रिकनांना मांस, चरबी, कमी तंतू. अवघ्या १४ दिवसांत अमेरिकनांच्या आतड्यातला दाह कमी झाला, ब्युटिरेट वाढलं. आफ्रिकनांमध्ये नेमकं उलट झालं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुचवणाऱ्या खुणाही त्याच दिशेनं हलल्या. चाळीसच माणसं होती, पण दोन आठवड्यांत एवढा फरक पडतो ही गोष्ट लहान नाही.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ढाक्याच्या मीरपूर वस्तीतलं काम. तिथल्या कुपोषित बाळांच्या आतड्यातले जिवाणू त्यांच्या वयाच्या निरोगी बाळांसारखे परिपक्व झालेले नसतात, असं आधी दिसलं होतं. मग असा खाऊ शोधला गेला, की जो बाळाबरोबर त्याच्या जिवाणूंनाही वाढवील. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीड वर्षाच्या आतल्या सव्वाशेच्या आसपास बाळांना तीन महिने एकतर नेहमीचा पूरक खाऊ दिला किंवा हा नवा. नव्या खाऊत उष्मांक कमी होते, तरी बाळांचं वजन त्यावर अधिक वेगानं वाढलं. त्यात काय होतं? हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्ची केळी.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं ही यादी वाचावी आणि स्वतःच्या आजूबाजूला बघावं. शेंगाचटणीसाठी हे शहर ओळखलं जातं. हरभरा इथल्या काळ्या रानात हिवाळाभर डुलतो. करमाळा-टेंभुर्णीकडची केळी परदेशी जातात. बार्शी भागात सोयाबीन आहे. कुपोषित बाळाला लागणारे चारही जिन्नस जिल्ह्यात पिकतात. पण अंगणवाडीतल्या बाळापर्यंत त्यातलं किती पोहोचतं, हे त्या त्या वर्षी पुरवठ्याचं कंत्राट कशाचं निघालं यावर ठरतं.

आता ज्वारीकडे येतो. इथे आधी एक कबुली दिली पाहिजे, कारण ज्वारीचं गुणगान करताना खोटं बोललं जातं. ज्वारीत गव्हापेक्षा खूप जास्त तंतू असतात, असं सर्रास सांगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये काढलेल्या कोष्टकांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत आणि न चाळलेल्या कणकेत सुमारे ११. म्हणजे कोंड्यासकटची पोळी भाकरीपेक्षा कमी नाही. खरी दरी आहे ती पॉलिश केलेला तांदूळ आणि मैदा यांच्याशी: त्यांत १०० ग्रॅमला ३ ग्रॅमही भरत नाहीत. ज्वारीचं वेगळेपण असं, की ती चाळून पांढरी करायची पद्धतच आपल्याकडे नाही. जात्यातून किंवा गिरणीतून आलेलं पीठ तसंच परातीत पडतं. शिवाय तिचा स्टार्च सावकाश पचतो, आणि भाकरी थंड होताना त्यातला काही भाग पुन्हा घट्ट बांधला जाऊन लहान आतड्यातून न पचता खाली जिवाणूंपर्यंत जातो. शिळी भाकरी कुस्करून ताकात खाणाऱ्या पिढीला हे माहीत नव्हतं, पण त्यांच्या जिवाणूंना ते मिळत होतं. आणि भाकरी कधी एकटी येत नाही. तिच्याबरोबर पिठलं येतं, मटकीची उसळ येते, अंबाडीची किंवा करडईची भाजी येते, हुलग्याचं माडगं येतं, निदान शेंगाचटणी आणि कांदा तरी येतो. भात मात्र नुसत्या आमटीच्या पाण्यावर भागवता येतो, आणि तंगीच्या दिवसांत तो तसाच भागवला जातो.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देशभर रब्बी ज्वारीचं दुसरं नाव झालेली मालदांडी आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडली गेली. रब्बी ज्वारीवर काम करणारं राष्ट्रीय पातळीवरचं केंद्र सोलापुरातच आहे. एवढं सगळं असलेल्या जिल्ह्यात रेशनच्या पिशवीत येतं काय? गहू आणि तांदूळ. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य, म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. ते सगळं तांदळात धरलं तर त्यातून तंतू मिळतात ५ ग्रॅमच्या आत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम हवेत असं सांगते. उरलेले २० ग्रॅम भाजी, फळं, कडधान्यं यांतून यायचे, आणि नेमकं तेच महाग आहे.

कायदा यात आडवा येत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर लिहिलेले होते. जानेवारी २०२३ पासून तर हे धान्य मोफत आहे. म्हणजे भरड धान्याची जागा कायद्यानं पहिल्यापासून ठेवलेली आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून आपण साजरंही केलं. राज्यातल्या काही जिल्ह्यांत अधूनमधून रेशनवर ज्वारी दिली गेलीही आहे. पण पावसात सापडलेली खरिपाची संकरित ज्वारी काळी पडते, तिची भाकरी कुणाला आवडत नाही, आणि मग लोकांनाच ज्वारी नको आहे असा निष्कर्ष काढला जातो. लोकांना काळी पडलेली, विरी गेलेली ज्वारी नको आहे. पिठाला विरी नसली तर भाकरी थापताच येत नाही, कडेनं फाटते, हे ज्या बाईला रोज पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या आहेत तिला विचारा.

चांगली मालदांडी सरकारकडे का येत नाही? २०२४-२५ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव ३,३७१ रुपये क्विंटल होता आणि मालदांडीचा ३,४२१. फरक ५० रुपयांचा. मालदांडी कोरडवाहू, एकरी उतारा कमी, काढणीला माणसं लागतात, उपटताना हाताची सालटी निघतात. बाजारात तिला खूपदा हमीभावापेक्षा जास्त मिळतं, मग शेतकरी ती खरेदी केंद्रावर कशाला आणील? आणि उजनीचं पाणी पोहोचलेल्या रानात तर तो ऊस लावून मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ज्वारी परवडली पाहिजे आणि विणकराला, विडी कामगार बाईला ती विकत घ्यावी लागता कामा नये. या दोन टोकांच्या मधली रक्कम सरकारनं भरायची. उसासाठी, गव्हासाठी, तांदळासाठी आपण वर्षानुवर्षं ती भरत आलो आहोत.

मंगळवेढ्याच्या माणसाला धान्याच्या कोठाराबद्दल वेगळं सांगायला नको. दुष्काळात बिदरच्या बादशहाचं कोठार गोरगरिबांसाठी उघडणारे दामाजीपंत त्याच गावचे. ती कथा आपण भक्तीच्या अंगानं ऐकतो, विठ्ठलानं महाराचं रूप घेऊन मोहरा भरल्या इथपर्यंत येऊन थांबतो. मला तिच्यातला कारभाराचा भाग मोठा वाटतो. कोठार कुणाचं आणि ते कुणासाठी उघडायचं, हा निर्णय एका अधिकाऱ्यानं घेतला होता.

शाळेतल्या पोषण आहाराचं तसंच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. धान्य म्हणजे तांदूळ. त्यातून मुलाला ३ ग्रॅमही तंतू मिळत नाहीत. तेवढीच ज्वारी असती तर १० मिळाले असते. यावर नेहमीचा आक्षेप येतो, की तीनशे मुलांच्या भाकऱ्या कोण थापणार? आक्षेप बरोबर आहे. स्वयंपाकाच्या बाईच्या मानधनात तिच्यावर हा भार टाकणं अन्यायाचं होईल. पण ज्वारी म्हणजे फक्त भाकरी हे कुणी ठरवलं? ज्वारीच्या कण्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिजत आल्या आहेत. भरडलेली ज्वारी, पाणी, मीठ, वरून ताक. तीच डाळ आणि भाजी घालून केली की खिचडीच्या पातेल्यात, खिचडीच्याच वेळात होते. आणि भाकरीच द्यायची तर सोलापूरची कडक भाकरी आहे. ती आठवडेच्या आठवडे टिकते, ती करणारी बायकांची केंद्रं शहरात आणि गावोगाव चालू आहेत, त्यांच्या भाकऱ्या पुण्या-मुंबईच्या दुकानांत जातात. आपल्याच शाळेपर्यंत मात्र पोहोचत नाहीत.

ताकावरून आठवलं. अक्कलकोटकडच्या आणि दक्षिण सोलापूरच्या सीमाभागात येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, रानात आंबील पितात: ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबवलेलं. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात दहा आठवडे दही आणि इतर आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाची १९ प्रथिनं कमी झाली. त्याच अभ्यासात नुसते तंतू वाढवलेल्या गटात सरसकट विविधता वाढली नाही. म्हणजे तंतू हे एकच उत्तर नाही, वेळही लागतो आणि जिवाणूंचं बियाणंही लागतं. आंबिलीवर असा अभ्यास झालेला मी वाचलेला नाही, म्हणून तिला औषध म्हणणार नाही. पण घराघरांत इडलीचं पीठ आंबवणाऱ्या, विरजण लावणाऱ्या या तीन भाषांच्या शहरात बाटलीतलं महागडं प्रोबायोटिक विकत घ्यायची गरज कुणाला पटवून दिली जाते, याचा विचार व्हावा.

जिवाणूंचं बियाणंही लागतं, हे डाळिंबातूनही दिसतं. केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सोलापूर डाळिंबाला मानांकनही आहे. डाळिंबातल्या काही द्रव्यांपासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाची संयुगं बनवतात आणि त्यांचा स्नायूंना उपयोग होत असावा असं दिसतं. पण हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकच फळ दोघांनी खाल्लं तरी दोघांना सारखं मिळत नाही.

आणि असलेले जिवाणू आपण किती सहज मारून टाकतो! काही वर्षांपूर्वी मला जुलाब झाले. ओळखीच्या औषध दुकानातून, कुणालाही न दाखवता, मी प्रतिजैविकांच्या गोळ्या आणल्या. दुकानदारानं विचारलं नाही, मीही नाही. दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या गोळ्या फडताळात राहिल्या. अशा जुलाबाला बहुतेक वेळा मीठ-साखरेचं पाणी पुरतं, हे मला नंतर समजलं. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीव्र प्रतिजैविकं देऊन पाहिली. दीड महिन्यात बहुतेक जिवाणू परत आले, पण नेहमी आढळणारे ९ प्रकार सहा महिन्यांनीही सापडले नाहीत. त्यांना दिलेली औषधं माझ्या गोळ्यांपेक्षा कितीतरी जबर होती, तरी हे वाचून मी हादरलो. अनेक प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम २०१४ पासून लागू आहे. तो पाळला जातो का, हे कुणीही आपल्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहू शकतो. त्यात गरिबाला दोष देऊन चालणार नाही. त्याची एका दिवसाची मजुरी बुडते म्हणून तो दवाखान्याच्या रांगेत उभा राहत नाही.

पाण्याचंही सांगायला हवं. सोलापूरला वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी येतं. लोक ते पिंपात, हौदात साठवतात. दूषित पाणी वारंवार पोटात गेलं की लहान मुलांच्या आतड्यातली अन्न शोषणारी बारीक बोटांसारखी रचना झिजते, आणि मग चांगलं अन्न दिलं तरी ते अंगी लागत नाही. ज्वारी आणि नळाचं पाणी हे महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या कागदांवर वेगळे विषय आहेत. मुलाच्या पोटात ते एकच आहेत.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या रब्बीत जिल्ह्यातच मालदांडी खरेदी करावी, बाजाराच्या जवळ जाणारा भाव देऊन. तिचा पहिला हक्क जिल्ह्यातल्या शाळांचा आणि अंगणवाड्यांचा असावा, नंतर रेशनचा. तांदूळ एकदम बंद करू नये. ज्याला भात हवा त्याला भात मिळावा, आणि पोटाला सवय नसताना तंतू अचानक वाढले की पोट फुगतं, मुलं कुरकुरतात. आठवड्यातले दोन दिवस कण्या, एक दिवस उसळ आणि कडक भाकरी, एवढ्यानं सुरुवात होऊ शकते. अंगणवाडीत शेंगदाणा, हरभरा, केळं नियमानं यावं. वर्षभरानं मुलांची वजनं-उंची मोजून ते आकडे शाळेच्या फळ्यावर लिहावेत.

हे घडायचं तर वेळेचं गणित सांभाळावं लागेल. आपल्याकडे रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, शाळा उघडतात जूनमध्ये. उन्हाळ्याचे तीन महिने ज्वारी वाळवून, भरडून, पोत्यात भरायला पुरेसे आहेत. पण माळावरच्या शेतकऱ्यानं यंदा ज्वारी पेरायची की नाही हे ठरवण्याआधी, म्हणजे पोळ्याच्या आसपास, सरकार किती क्विंटल घेणार आणि काय भावानं घेणार हे त्याला लेखी कळलं पाहिजे.